शौक, शिकारी मासा आणि अमानत

बहिणीचा मुलगा बारावीची परीक्षा देऊन सुट्टीवर आहे. गेल्या आठवड्यात त्याने मोबाईलवर लायनफिशचा फोटो दाखवला. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंखासारखे पसरलेले पर. म्हणाला, "मामू, हा पाळणं जायज आहे ना?"

मासे पाळायला मनाई नाही, हे मी त्याला लगेच सांगितले. छोट्या अबू उमैरचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याची मायेने विचारपूस केली, ही हदीस अनेकांना माहीत असते. पण 'जायज आहे का' एवढे विचारून आपण सुटत नाही. या जिवाचे हक्क आपल्याला पेलतील का, हा पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे.

लायनफिश 35 ते 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याला 400 लिटरच्या आसपास तरी टाकी हवी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एकदा टाकी भरायलाच 14 किलो खास मीठ लागते. स्वयंपाकघरातले चालत नाही. पाणी 25 अंशांच्या आसपास ठेवायचे, तर आपल्या उन्हाळ्यात चिलर आला. वीज गेली की पंप बंद, आणि पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. त्यात पाठीवर 13 विषारी काटे. त्याने सहसा माणूस मरत नाही, पण वेदना भयंकर होतात. टाकी साफ करायला हात मात्र आत घालावाच लागतो.

शिवाय हा शिकारी आहे. पर पसरून भक्ष्याला कोपऱ्यात कोंडतो आणि एका झटक्यात गिळतो. नवा मासा अनेकदा मेलेले अन्न तोंडात घेत नाही. मग लोक जिवंत गप्पी टाकतात. गोड्या पाण्यातले मासे रोजचे झाले तर त्याची तब्येत बिघडते. कोळंबीचे, माशाचे तुकडे खायला त्याला धीराने शिकवावे लागते. ज्याला हे जमणार नाही, त्याने मांजरीची हदीस आठवावी. त्या बाईने मांजर कोंडून ठेवली, स्वतः खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन शोधूही दिले नाही. तिला शिक्षा झाली ती या दोन्ही गोष्टींसाठी.

"नाही जमलं तर समुद्रात सोडून देईन," भाचा म्हणाला. कैद जिवाला मोकळे करणे म्हणजे सवाब, असे आपल्याला वाटते. इथे ते उलटे आहे. लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला. 1985 मध्ये तो अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला. पाळणाऱ्यांनी सोडल्यामुळेच तो तिथे पोहोचला, असे मानले जाते. तिथे त्याला खाणारे जवळजवळ कोणी नव्हते, आणि तो कॅरिबियनभर पसरला. बहामात झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. लायनफिश असलेल्या छोट्या प्रवाळखडकांवर पाच आठवड्यांत नव्याने येणाऱ्या माशांची भर 79 टक्क्यांनी घटली होती. सोडणाऱ्याच्या मनात दयाच असेल, पण किंमत दुसऱ्या मख्लूकने मोजली. आपल्याकडेही टाक्यांतून नदी-तलावांत गेलेला सकर मासा कोळ्यांची जाळी फाडतो. समुद्र इथला असला तरी टाकीतले रोग त्यात सोडायचा हक्क आपल्याला नाही. आणि गावच्या नदीत सोडला, तर खाऱ्या पाण्याचा हा मासा जगणारच नाही.

म्हणून माझे मत असे: ज्याच्याकडे जागा, पैसा आणि दहा वर्षांची तयारी नाही, त्याने हा शौक करू नये. ज्याने आधीच घेतला आहे, त्याने पाण्यात न सोडता दुकानदाराला किंवा जाणत्या पाळणाऱ्याला द्यावा.

"मी नाही घेतला तर दुसरा कुणी घेईलच की, मामू."

घेईल. हे मासे बहुतेक समुद्रातूनच पकडून आणतात, त्यामुळे प्रत्येक खरेदीमागे आणखी एक पकडला जातो. दुसऱ्याचा हिशोब दुसरा देईल. आपला आपल्याला द्यायचा आहे.