नथ, एक नग

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की प्रत्येक घरात काही वस्तू अशा निघतात, की त्यांचे पुढे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही. आजोबांचे साखळीचे घड्याळ, दोन स्वर मुके झालेली बाजाची पेटी, चांदीची अत्तरदाणी, जर खरी पण पोत विरलेला असा एखादा शालू. वापरात नाहीत, टाकवत नाहीत, आणि विकायच्या म्हटल्या तर भाव ठाऊक नाही. मग त्या पुन्हा जुन्या धोतराच्या फडक्यात जातात आणि पुढच्या दिवाळीची वाट बघत बसतात. घरात पैशाची नड नसली म्हणजे हे ठीक आहे. नड असली म्हणजे कोणीतरी सुचवतो, "अहो, पुण्यात अशा वस्तू ठेवून घेणारे लोक आहेत. गिऱ्हाईक आले की विकतात, आपले कमिशन कापून बाकीचे पैसे देतात." आम्हालाही असेच कोणीतरी सुचवले होते.

सोन्याचे बरे असते. सोने काट्यावर बसते, त्याचा भाव रोज छापून येतो आणि १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षर-अंकांची खूण असल्याशिवाय सराफाला नवा हॉलमार्की दागिना विकताच येत नाही. मोडीला घातले, पैसे घेतले, घरी आलो, असा तो रोखठोक व्यवहार. दुसऱ्याच्या दुकानात ठेवून यावी लागते ती वस्तू निराळी. जिची किंमत वजनात नसून बघणाऱ्याच्या डोळ्यात असते ती. म्हणजे जी ओळखायला सगळ्यात अवघड, तीच आपण परक्याच्या स्वाधीन करून येतो.

माझी आत्या जुन्नरला जुन्या वाड्यात एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही, यजमान जाऊन वीस वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वाड्याचे आढे वाकले आणि देवघरात पाणी गळू लागले. स्वयंपाकघरातले पाणी आत्याने सोसले असते. देवांवर पडलेले तिला सोसवेना. तिने मला बोलावून घेतले आणि हळदीच्या डबीएवढी एक लाकडी डबी पुढ्यात ठेवली. आत नथ. तिच्या सासूची, बहुधा सासूच्याही सासूची.

"ही वीक," आत्या म्हणाली. "मोडू नकोस. वीक."

हा फरक तिला कळत होता, मला कळत नव्हता. इथल्या सराफाने तो समजावून दिला. तो भला माणूस, म्हणाला, "सर, तारेचं सोनं किती भरणार? त्याचे पैसे मी आत्ता देतो. पण किंमत मोत्यांची आहे, आणि मोत्यातलं मला कळत नाही." इराणी आखातातले जुने मोती आपल्याकडे बसऱ्याचे म्हणून ओळखले जातात. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी बाजार भरला आणि तो आखातातला धंदा बसला; म्हणून जुन्या मोत्यांना आजही जाणकार गिऱ्हाईक असते. मी एस. टी.ने पुण्याला गेलो.

दुकानाचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण माझ्या हाती पुरावा नाही. दुकानदार मोठा अदबशीर. चहा आला. भिंगातून नथ बघून झाली. "प्रोफेसरसाहेब, वस्तू सुरेख आहे. पण असा माल लगेच जात नाही. दोन-तीन महिने ठेवा. गेली तर शेकडा पंधरा आमचे." मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. तारीख, माझे नाव, आणि खाली : "नथ जुनी, एक नग." सही. मी ती घडी घालून खिशात ठेवली आणि शिवाजीनगरच्या स्टँडवर आलो.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी नारायणगावच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. एखादी वस्तू अशी वर्णन करा की वाचणाऱ्याला ती शंभरांतून ओळखता यावी, हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो आहे. "सुंदर फूल" असे लिहिणाऱ्याच्या वहीत मी तांबड्या शाईने विचारतो : कोणते? केवढे? कुठल्या रंगाचे? आणि घरातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूचे "एक नग" एवढे वर्णन वाचून मी मान डोलावली आणि वर चहाबद्दल आभार मानले.

तीन महिन्यांनी फोन आला की गिऱ्हाईक लागत नाही, घेऊन जा. घेऊन आलो. तीच डबी, तोच कापूस. आत्याने नथ तळहातावर घेतली, खिडकीशी नेली, दातावर घासून पाहिली. मोती करकरला. मला हायसे वाटले. खोटा मोती दातावर गुळगुळीत लागतो, एवढे मलाही माहीत होते. पण आत्या बराच वेळ खिडकीशी उभी राहिली आणि मग म्हणाली, "बाळ, ही माझी नव्हे."

तिच्या नथीची तार एकदा तुटली होती आणि तिला डाग दिलेला होता. या तारेला डाग नव्हता. मोती खोटे नव्हते. खरेच, पण दुसरे. शिंपल्यात माणसाने वाढवलेला मोतीही दातावर करकरतोच. निसर्गातला कोणता आणि संवर्धित कोणता हे ठरवायला प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली न्यावे लागते. म्हणजे कोणी खोटे देऊन फसवलेही नव्हते. नुसती अदलाबदल झाली होती.

मी दुसऱ्याच दिवशी पुण्याला धावलो. दुकानदाराने चिठ्ठीची स्थळप्रत काढली. "वाचा साहेब. नथ एक दिलीत, नथ एक घेतलीत." आवाज चढला नाही, चहा पुन्हा विचारला. पोलीस चौकीवरचा हवालदार समजूतदार होता. तो म्हणाला, "सर, चोरी कशाची लिहू? नथ तर तुमच्या हातात आहे. जुनीचा फोटो आहे का?" फोटो होता. आत्याच्या लग्नातला, काळा-पांढरा. त्यात नथ तिळाएवढी दिसते आणि मोती म्हणजे एक पांढरा ठिपका.

या प्रकाराला मराठीत एक जुना शब्द आहे : जांगड. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो सापडतो. दुकानातून न्यायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा, असा माल; आणि त्याच्या हिशेबाची ती जांगडवही. मुंबईच्या हिरे-मोत्यांच्या बाजारात तो शब्द आजही चालतो. या एका शब्दाचा नेमका अर्थ काय, माल नेणारा मालक होतो की नाही, हा वाद स्वातंत्र्यापूर्वीच मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याहूनही मागे जायचे तर मनुस्मृतीत भांडणाची जी अठरा कारणे सांगितली आहेत त्यांत पहिले कर्ज, दुसरे निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, आणि तिसरे अस्वामिविक्रय, मालक नसताना केलेली विक्री. दुसरे आणि तिसरे शेजारी-शेजारी का, हे एम.ए.ला असताना माझ्या लक्षात आले नव्हते.

शहाणपण मला मिळाले ते मात्र आमच्या गावच्या टोमॅटोच्या बाजारात. पुणे-नाशिक रस्त्यावरून हंगामात जाणाऱ्याने तो पाहिला असेल : क्रेटांच्या थप्प्या, लिलावाचा ओरडा, मालमोटारींची रांग. हा सगळा व्यवहार दुसऱ्याच्या हातून विकण्याचाच. माल शेतकऱ्याचा, विकतो आडत्या. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथे भेटले, त्यांना मी नथीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. मला वाटले होते हसतील. म्हणाले, "सर, लिलाव होईस्तोवर आम्ही मालापासून हलत नाही. किती क्रेट, काय भाव, कोणी घेतला, पट्टी हातात आल्याशिवाय घर नाही. आणि हे बघा." त्यांनी एक रिकामे क्रेट उलटे केले. त्यावर त्यांचे नाव घातलेले होते. "टोमॅटो दोन दिवसांचा सोबती. पण क्रेट परत यायला पाहिजे, आणि आपलंच यायला पाहिजे. तुमच्या नथीवर काय खूण होती?"

खूण होती; ती कागदावर नव्हती.

याचा अर्थ बाजारात कोणी नाडला जात नाही असा नव्हे. आडतीवरून पिढ्यान् पिढ्या तक्रारी चालत आल्या. भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी हे ठरायला २०१६ साल उजाडले. पण तिथला माणूस निदान सावध असतो. आपण पांढरपेशे लोक भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि काचेच्या कपाटापुढे उभे राहिलो की संकोचतो. पावतीत चार ओळी जास्त लिहा म्हणणे आपल्याला अविश्वासाचे वाटते.

एका वकील मित्राने मग मला कायदा सांगितला. तो ऐकून मी जास्तच अस्वस्थ झालो. दुकानदाराकडे ठेवलेली वस्तू त्याने आपल्या वस्तूइतकी सांभाळली पाहिजे, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. पण तितकी काळजी घेऊनही रात्री दुकान फुटले तर नुकसान तुमचे, वेगळे लिहून घेतले नसेल तर. वस्तूचा विमा आहे का, आणि असला तर तो गिऱ्हाइकांनी ठेवलेल्या मालाला लागू आहे का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. खुद्द सराफांच्या खास विमापत्रातही, ज्याच्या हाती माल विश्वासाने दिला त्यानेच तो लांबवला तर भरपाई नाही, अशी अट सहसा असते. याहून वाईट पुढेच. विक्रीसाठी दिलेली वस्तू दलालाने नेहमीच्या रीतीने विकली आणि घेणाऱ्याने ती सद्भावनेने घेतली, तर १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे ती घेणाऱ्याची झाली. मग दलालाने तुम्हाला पैसे दिलेले असोत वा नसोत. चोराने नेलेली वस्तू विकत घेणाऱ्याकडूनही परत मागता येते. आपण होऊन दिलेली येत नाही. मग दलालाच्या मागे लागायचे. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ३१६ वे कलम न्यासभंगाचे आहे. पण काय सोपवले होते हे आधी दाखवावे लागते, आणि आपल्या खिशात असते "एक नग".

"पटली तर तुम्हीच ठेवा" असे म्हणून दुकानदाराला वस्तू द्यायची असेल तर मुदत घालावी, असेही तो म्हणाला. मुदत उलटून किंवा मुदत नसताना वाजवी काळाहून जास्त दिवस त्याने ती ठेवून घेतली, तर ती त्याची होते आणि तुम्ही नुसते पैशाचे धनी राहता.

हे छोट्या दुकानांचेच चालते असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कला लॉरेन्स सॅलॅन्डर नावाचा चित्रांचा मोठा व्यापारी होता. मोठमोठ्या कलावंतांचे वारस त्याच्याकडे चित्रे विक्रीसाठी ठेवीत. नट रॉबर्ट डी नीरो याच्या चित्रकार वडिलांची चित्रेही त्या पेढीवर होती. चित्रे विकली जात आणि मालकाला पत्ता नसे. २००७ मध्ये पेढीला कुलूप लागले आणि २०१० मध्ये सॅलॅन्डरने सुमारे बारा कोटी डॉलरांची अफरातफर कबूल केली. डी नीरोकडे वकिलांची काय वाण असणार! वाचून क्षणभर बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

आढे नीट झाले. महाविद्यालयाच्या पतपेढीतून मी कर्ज काढले, हप्ता अजून चालू आहे. आत्याला ते कळू द्यायचे नव्हते, पण सौ.च्या तोंडून निसटले. या नवरात्रात आत्याने पुन्हा बोलावले. पुढ्यात चांदीची अत्तरदाणी.

"आत्या, हप्त्याचं मी बघतोय. ही राहू दे."

"तू बघतोयस म्हणूनच," ती म्हणाली. "वही आणलीस ना? लिही. फोटो मुलीला काढू दे चारी बाजूंनी, पण आधी तू लिही. वजन सराफाकडून करून आणलंय, ते वर घाल. झाकणावर मोर. मोराची मान डावीकडे. तुऱ्याच्या तीन काड्या, मधली मोडलेली. बुडाशी पोचा आहे, माझ्या हातून पडली होती ती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. पोचा केवढा लिहिलास?"

"हरभऱ्याएवढा."

आत्याने चष्मा लावला, अत्तरदाणी उलटी करून उजेडात धरली.

"मुगाएवढा," ती म्हणाली. "खोड ते."