सुई टोचल्यावर रक्त केव्हा तपासायचे?

थकलेल्या पगाराचे प्रकरण घेऊन एक भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. एका रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार. बोटाकडे पाहून आम्ही सहज विचारले, तेव्हा कळले की आठ दिवसांपूर्वी कचऱ्याची पिशवी उचलताना आतली वापरलेली सुई हातमोज्यातून बोटात गेली होती. मुकादम म्हणाला, हात धू आणि कामाला लाग. बाईंनी पाचव्या दिवशी पदरचे पैसे मोडून खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी करून घेतली. "वकीलसाहेब, रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. आता काळजी नाही ना?"

काय उत्तर द्यावे? पाचव्या दिवशीच्या त्या रिपोर्टने त्या सुईबद्दल काहीच सिद्ध होत नव्हते, आणि ज्या औषधाचा उपयोग झाला असता त्याची वेळ निघून गेली होती.

कोर्टात दाव्याला मुदत असते, तशा येथे दोन मुदती आहेत. पहिली औषधाची. वापरलेली सुई टोचली, रक्त डोळ्यात उडाले, तर जागा साबण-पाण्याने धुवावी, डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा. बोट पिळू नये, तोंडात घालू नये. मग लगेच डॉक्टर गाठावा. एचआयव्ही रोखणारे औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते व 28 दिवस रोज घ्यावे लागते. कोणत्याही रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवून ठेवायची नसते. ही मुदत टळली की विलंब माफीचा अर्ज चालत नाही.

दुसरी मुदत तपासणीची. सरकारी केंद्रात होणारी नेहमीची तपासणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती दिसू लागायला साधारण 3 ते 12 आठवडे लागतात. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी थोडी आधी, 18 ते 45 दिवसांत, लागण दाखवू शकते. तोवर निगेटिव्ह रिपोर्ट हा निकाल नव्हे, तारीख आहे. म्हणून कामावरच्या अपघातात पहिली तपासणी लगेच, मग 6 आठवड्यांनी, 3 महिन्यांनी आणि 6 महिन्यांनी करावयाची असते. मधल्या काळात रक्तदान करू नये, निरोध वापरावा.

मग पहिल्याच दिवशी तपासायचे कशाला, असे कोणी विचारील. वकील म्हणून आमचे उत्तर असे की तो पुरावा आहे. अपघाताच्या दिवशी रक्त निर्दोष होते हे कागदावर नसेल, तर उद्या लागण निघाल्यावर मालक सरळ म्हणेल, हिला ती आधीपासूनच होती. नुकसानभरपाई तेथेच बुडाली.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. सुई एचआयव्हीबाधिताची असली तरी लागण होण्याचे प्रमाण हजारात सुमारे तीन आहे. लस घेतली नसेल तर हिपॅटायटिस बी चा धोका याहून कितीतरी मोठा. ती लस आणि धनुर्वाताची लस कचरा हाताळणाऱ्यांना देणे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक केले आहे. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकाव्यात, असे हेच नियम सांगतात. पिशवीत सुई टाकणारा हात आणि ती पिशवी उचलणारा हात वेगळा असतो. हा दुसरा हात कोणत्या वस्तीतून येतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याचे कलम 19 म्हणते की संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि हे औषध आस्थापनेत काम करणाऱ्या ज्यांना ज्यांना धोका आहे त्या सर्व व्यक्तींना द्यावे. 'सर्व व्यक्ती' यात कंत्राटी बाई येत नाही काय? संमतीवाचून तपासणी करता येत नाही, रिपोर्ट फोडता येत नाही, लागण आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. नोकरीचा हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्येच एका हंगामी मजुराच्या बाजूने मान्य केला होता.

असुरक्षित संबंध किंवा अत्याचार झाला असेल तरी 72 तासांची मर्यादा तीच. तेथे मात्र लाज आडवी येते. ज्यांना हा विषय चारचौघांत नको वाटतो त्यांनी आठवावे, लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून खटला भरलेल्या र. धों. कर्व्यांचे वकीलपत्र 1934 मध्ये बाबासाहेबांनी घेतले होते. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत आणि गुप्त असते. 1097 या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

त्या भगिनींची 6 आठवड्यांची तपासणी निगेटिव्ह आली, 3 महिन्यांची पुढच्या महिन्यात आहे. अपघाताची नोंद मात्र रुग्णालयाच्या रजिस्टरात अजूनही नाही. कंत्राटदार म्हणतो, बाई त्या दिवशी कामावरच नव्हत्या. आम्ही हजेरीपट मागितला आहे.