खुब्याचे बळ कसे मोजावे?

खुब्याच्या बाजूचे स्नायू दुर्बळ झाले म्हणजे एका पायावर उभे राहताना उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शस्त्रवैद्याने 1895 साली हे दाखवून दिले. परंतु बळ किती उरले, हे कसे कळावे? जुनी रीत हाताची: रुग्णाने पाय बाहेर लोटावा, परीक्षकाने अडवावा व 0 ते 5 गुण द्यावेत. रीत सोपी खरी. पण 4 की 5, हा निवाडा अखेर अडविणाऱ्याच्या मनगटावर! म्हणून हल्ली हातात मावणारा डायनामोमीटर वापरतात. (1916 साली लव्हेट व मार्टिन यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी ताणकाटाच वापरला होता.) तरीही धट्ट्याकट्ट्या शेतकऱ्यापुढे परीक्षकाचा हात मागे सरतो आणि आकडा कमी भरतो. यास्तव यंत्र पट्ट्याने जखडावे, तीनदा मोजून सरासरी घ्यावी. ते दर खेपेस घोट्याच्या वर त्याच जागी टेकवावे. गुडघ्याजवळ टेकविल्यास आकडा फुगतो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, म्हणजे कारण उमगेल. नाहीतर यंत्र चार बोटे वर सरकल्यानेच आकडा वाढायचा, आणि आजीबाई बळ आले असे समजून काठी टाकायच्या.