अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. म्हण चांगलीच आहे. पण कार्बन फायबरचे भाग कापणाऱ्या कारखान्यांत जॉब खराब झाला, की मशीनवरच्या मुलाला ती सुनावली जाते, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्याच्या मशीनला कटर कुठला लावून दिला होता, हे कोणी विचारतच नाही. आज त्यावरच भांडायचं आहे.

माझा भाचा भोसरीला हेच काम करतो. त्याला विचारून, त्याने दिलेलं वाचून मला हे कळत गेलं. "मावशी, तू मराठीची बी.ए., तुला काय त्यातलं?" असं कोणी म्हणेल. अहो, धार म्हणजे काय हे रोज विळीवर बसणारीला नाही कळणार तर कोणाला? बोथट विळीवर कोथिंबीर चिरली जात नाही, चेंगरते. कार्बन फायबरचंही थोडंफार तसंच आहे.

लोखंड कापताना कीस निघतो आणि बरीचशी उष्णता त्याच्याबरोबर बाहेर जाते. कार्बन फायबरची निघते भुकटी. ५ ते ७ मायक्रॉन जाडीचे तंतू इपॉक्सीत घट्ट बसवलेले असतात. धार तीक्ष्ण असेल तर ते कटकन तुटतात. पण हेच तंतू धारेला सँडपेपरसारखे घासतातही. कार्बाइडचा कटर म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने एकत्र बांधलेले. तंतू आधी मऊ कोबाल्ट खरवडून काढतात, मग कण निखळतात आणि धार गोल होते. गोल धार तंतूंना तोडण्याऐवजी वाकवते, ढकलते. मग थर सुटतात, कडेला केसाळ दशा राहतात, घर्षण वाढतं आणि रेझिन तापून मऊ पडतं.

आता सांगा, यात त्या मुलाचं नाचणं कुठे चुकलं?

माझा पहिला राग आहे तो 'कार्बाइड म्हणजे कार्बाइड' म्हणणाऱ्यांवर. स्टीलसाठी आणलेला कटर, वर टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचा जांभळट मुलामा, तोच इथे लावून द्यायचा! तो मुलामा मुख्यतः उष्णतेशी झुंजायला केलेला असतो. इथला शत्रू घासणं हा आहे आणि त्यापुढे तो फार काळ टिकत नाही.

दुसरा राग 'सगळ्यात कमी दर' या रकान्यावर. गणिताच्या पुस्तकातलं उदाहरण घेऊ. समजा, साधा कटर ८०० रुपयांचा आणि तो १० मीटर नीट कापतो. हिऱ्याचा मुलामा असलेला ५,००० रुपयांचा आणि तो १०० मीटर कापतो. म्हणजे पहिला मीटरला ८० रुपये, दुसरा ५०. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. खरे आकडे ज्याने त्याने आपल्या कारखान्यात मोजावेत. पण मोजावेत तरी! शिवाय यात वाया गेलेला जॉब धरलेलाच नाही. कडा कापण्याचं काम येतं शेवटी. तोवर कापड रचून, ऑटोक्लेव्हमध्ये भाजून त्या तुकड्यावर बराच खर्च झालेला असतो. तिथे कटरमध्ये पैसे वाचवणं म्हणजे दात कोरून पोट भरणं.

मात्र "हिऱ्याचा घ्या, चिंता मिटली" म्हणणाऱ्या विक्रेत्यांनाही मी सोडणार नाही. हिरा हिऱ्यातही फरक असतो. सीव्हीडी पद्धतीने कार्बाइडवर चढवलेला पातळ थर हा एक प्रकार. पीसीडी, म्हणजे हिऱ्याच्या कणांची चकती तुकडे करून डाग देऊन बसवलेली, हा दुसरा. पीसीडीला पुन्हा धार लावता येते, पण ते ठिसूळ असतं. मशीन थरथरलं की कपचा उडतो. मुलाम्याने धार किंचित गोलसर होते. कार्बनला ते चालून जातं. पण केव्हलारसारखे चिवट तंतू कापायचे तर धार अतिशय तीक्ष्ण लागते, नाहीतर कापसासारखे पिंजून निघतात.

मग येतो आकार. साध्या वर खेचणाऱ्या नागमोडी दातांचा कटर वरचा थर उचलतो. म्हणून कॉम्प्रेशन कटर काढले: खालचे दात वर खेचतात, वरचे खाली दाबतात. पण हे दात जिथे एकमेकांना भेटतात, ती जागा पत्र्याच्या जाडीच्या आत यावी लागते. समजा ती टोकापासून ६ मिलिमीटरवर आहे, पत्रा ४ मिलिमीटरचा आणि कटर खाली फक्त १ मिलिमीटर बाहेर काढता येतो, कारण खालच्या फिक्श्चरमध्ये जागाच ठेवलेली नाही. म्हणजे पत्रा टोकापासून १ ते ५ मिलिमीटरमध्ये बसला आणि सगळं काम वर खेचणाऱ्या दातांनीच केलं! कटर एकाने मागवला, फिक्श्चर दुसऱ्याने बनवलं, थर सुटल्यावर बोलणी खाल्ली तिसऱ्याने.

त्या तिसऱ्याच्याच नाकात ती भुकटीही जाते. ती कातडीला, घशाला, फुप्फुसाला त्रास देते आणि वीजवाहक असल्याने मशीनच्या पॅनेलमध्ये शिरून शॉर्ट करते. कटरच्या तोंडाशीच ती ओढून घेणारी सोय ही चैन नव्हे. कटर निवडताना तिचाही विचार त्याच बैठकीत व्हायला हवा.

हे दोन-चार कारखान्यांपुरतं नाही. बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे आणि त्याच्या कार्बन फायबरच्या फ्लोअर बीम आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये बनल्या आहेत. आपल्या मुलांच्या हाताला ही कामं जमतात, यात शंका नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. तंतू कुठला, जाडी किती, थर कुठल्या दिशेने रचलेत, पकड किती घट्ट, हे प्रश्न खरेदीच्या आधी विचारा. आणि विचारताना मशीनवरच्या मुलाला समोर खुर्ची द्या. आवाज बदलला, वास आला, की धार गेल्याचं आधी त्याला कळतं.

अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं हो. आणि ते नाचणाऱ्याने बांधलेलं नसतं.

असो. घरातल्या इंजिनियर मंडळींनी वाद घालायला जरूर यावं. चहा ठेवते.