खुंटीवरचा कोट

शहपुऱ्यासारख्या जबलपूरकडच्या तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओच्या खुंटीला एक काळा कोट टांगलेला असतो. माप कुणाचंच नाही. पाठीमागून कपड्यांचा चिमटा लावला की कुणालाही बसतो. शेतमजुराचं पोर तो चढवून ताठ बसलं की शहाणी माणसं हसतात: उसना कोट, खोटी ऐट! अमेरिकेतल्या गुलामीविरोधी चळवळीला उपयोगी पडलेला फोटो त्यांच्या मते एकच, जखमांचा. छळ दिसला, जग हळहळलं, गुलामी गेली.

यात तथ्य आहेच. लुइझियानातून पळालेल्या गुलामाची चाबकाने सोललेली पाठ ‘हार्पर्स वीकली’ने ४ जुलै १८६३ च्या अंकात छापली, आणि वाचक हादरले. पण नुसत्या पाठीतून माणूस बोलत नाही. शिवाय कॅमेरा कुणाचाही चाकर. १८५० मध्ये लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी साउथ कॅरोलिनात रेंटी आणि त्याची लेक डेलिया यांचे कपडे उतरवून फोटो काढले गेले, काळ्यांचा वंश वेगळा आणि हलका ठरवायला.

याला उत्तर दिलं फ्रेडरिक डग्लस यांनी. १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेल्या या माणसाचे सुमारे १६० फोटो आज ठाऊक आहेत. कडक कॉलर, रोखलेली नजर, आणि हसू जवळपास नाहीच. हसरा, समाधानी गुलाम हे मालकांचं लाडकं चित्र होतं ना! सोजर्नर ट्रूथ तर विणकाम हाती घेऊन काढलेली आपली फोटोकार्डं विकून पोट भरत, प्रचार करत. १८६४ मध्ये त्यांनी या कार्डांचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवला. लहानपणी मेंढरांच्या कळपासोबत लिलावात विकली गेलेली ही बाई.

‘ती अमेरिका, इथे काय त्याचं?’ हा आक्षेप जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच निकालात काढला. ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांनाच अर्पण केली. आणि इंदूरकडच्या बलाई या अस्पृश्य ठरवलेल्या जातीच्या लोकांचं काय? १९२८ मध्ये गावोगावच्या सवर्णांनी त्यांना बजावलं: जरीकाठी पागोटं नको, रंगीत काठाचं धोतर नको, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि सेवेचा मोबदला मागायचा नाही, देऊ ते घ्यायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा दाखला दिला आहे. तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीतला त्यांचा सूट कुणाला डोळ्यांत खुपतो आणि कुणाला धीर देतो, हे वेगळं सांगायला नको.

स्टुडिओतलं पोर चिमटा टोचतोय म्हणून चुळबुळतं. फोटोवाला दिवा सरकवतो. ‘हँसना मत, सामने देखो.’