धीर धरणाऱ्यांचीच परीक्षा : दिल्ली परिसरातील घरगुंतवणुकीचा धडा

नवी दिल्ली : जमीनजुमल्यात घातलेला पैसा बुडत नाही, फक्त धीर धरावा लागतो, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात घरांच्या किमती गेल्या काही वर्षांत पुन्हा चढू लागल्याने त्याला नवे बळ मिळाले आहे. मात्र याच परिसराचा दीड दशकाचा अनुभव वेगळे सांगतो. ज्याच्या हाती पूर्ण झालेले, निर्वेध कागदपत्रांचे आणि भक्कम बांधणीचे घर आहे, त्याच्याच बाजूने काळ काम करतो. इतरांसाठी प्रत्येक वर्ष म्हणजे वाढता खर्च असतो.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये दिलेल्या एका निकालामुळे या प्रश्नाला नवे परिमाण लाभले आहे. ताबा घेण्याचा हेतू नसताना हमखास परतावा किंवा पुनर्खरेदीच्या अटीवर पैसे गुंतवणाऱ्यांना विकासकाविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राहण्यासाठी घर घेणारा आणि झटपट नफ्यासाठी पैसे लावणारा यांच्यात न्यायालयाने रेषा आखली आणि निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे पुन्हा अधोरेखित केले.

या रेषेची गरज का भासली, हे आकड्यांवरून कळते. केंद्राने नेमलेल्या अमिताभ कांत समितीच्या 2023 मधील अहवालानुसार देशात सुमारे 4.12 लाख घरे रखडलेली होती. त्यांपैकी सुमारे 2.40 लाख एकट्या राजधानी क्षेत्रातील होती.

या संकटाचे मूळ व्यवहाराच्या रचनेत होते. नोएडा व ग्रेटर नोएडा प्राधिकरणांनी विकासकांना भाडेपट्ट्याने भूखंड दिले. मूल्याच्या केवळ 10 टक्के रक्कम आधी भरून उरलेली हप्त्याने देण्याची मुभा होती. थोड्या भांडवलावर अनेक भूखंड हाती आले आणि एका प्रकल्पासाठी ग्राहकांनी दिलेला पैसा दुसरीकडे वळवला गेला. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल’ अशा योजनांत बँकांनी कर्जाची रक्कम थेट विकासकाला दिली. विकासकाने हप्ते थांबवताच वसुलीचा तगादा ग्राहकामागे लागला. अशा योजनांतील बिल्डर-बँक संगनमताच्या आरोपांची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सीबीआयकडे सोपवली.

यमुना द्रुतगती मार्ग उभारणाऱ्या जेपी इन्फ्राटेकविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया ऑगस्ट 2017 मध्ये दाखल करून घेण्यात आली. मुंबईच्या सुरक्षा समूहाची योजना मार्च 2023 मध्ये मंजूर झाली आणि कंपनीचा ताबा समूहाकडे 2024 मध्ये गेला. या सात वर्षांत सुमारे 20 हजार ग्राहक ताटकळत होते. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 23 जुलै 2019 रोजी ‘रेरा’ नोंदणी रद्द करून अपूर्ण इमारती पूर्ण करण्याचे काम सरकारी मालकीच्या एनबीसीसीकडे दिले. प्राधिकरणांची व बँकांची थकबाकी ग्राहकांच्या घरांतून वसूल करता येणार नाही, असेही बजावले. सुमारे 42 हजार ग्राहकांचा पैसा टिकण्याची आशा निर्माण झाली ती बाजारामुळे नव्हे, न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे.

विलंबाची किंमत साध्या हिशेबातूनही दिसते. समजा, 40 लाखांना घेतलेल्या घराची किंमत 15 वर्षांनी 80 लाख झाली. दुप्पट हा शब्द भुरळ घालतो, पण वार्षिक वाढ पाच टक्क्यांहूनही कमी भरते. घरकर्जाचे व्याज त्याहून जास्त असते आणि ताबा नसेल तर भाड्याचा खर्च वेगळाच.

टिकाऊपणाचा दुसरा अर्थ शब्दशः आहे. गुरुग्रामच्या सेक्टर 109 मधील चिंटल्स पॅराडिसो संकुलात 10 फेब्रुवारी 2022 रोजी एका इमारतीचे मजले एकावर एक कोसळून दोघींचा मृत्यू झाला. त्यानंतर संकुलातील इमारती राहण्यास असुरक्षित ठरल्या. दिल्लीतील मुखर्जीनगरच्या सिग्नेचर व्ह्यू संकुलातील 336 सदनिका तर खुद्द दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेल्या. जेमतेम दीड दशकात त्या धोकादायक ठरल्या आणि डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश कायम ठेवला. सरकारी शिक्का म्हणजे भक्कमपणाची हमी नव्हे, हे त्यातून दिसले.

‘रेरा’ कायदा मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले आणि ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोषांची जबाबदारी विकासकावर आली. तरीही घरकर्ज बहुधा 20 वर्षांचे आणि दोषांची जबाबदारी पाच वर्षांची, ही तफावत कायम आहे.

हा धडा केवळ दिल्लीपुरता नाही. मुंबईतील गोरेगावच्या पत्राचाळीतील 672 कुटुंबांनी 2008 च्या पुनर्विकास करारानंतर दीड दशकाहून अधिक काळ घराची वाट पाहिली. किमतींचा आलेख चढता असताना ग्राहक जाहिरातीतील परतावा पाहतो. त्याआधी जमिनीची थकबाकी, ‘रेरा’च्या संकेतस्थळावरील प्रगती अहवाल, भोगवटा प्रमाणपत्र आणि संरचनात्मक तपासणी पाहणे हिताचे. विकासक दिवाळखोरीत जाऊ शकतो आणि बँकेकडे तारण असते. घराच्या व्यवहारातून सहज बाहेर पडता न येणारा एकच पक्ष आहे आणि तो म्हणजे हप्ते भरणारा ग्राहक. म्हणून त्याचा धीर किती काळ टिकेल, हे आजमावण्याआधी घर टिकेल का, हे तपासले गेले पाहिजे.