त्यांच्या पश्चात काय उरते?

जिल्हा वृत्तपत्राच्या आतल्या पानावर जवळजवळ रोज एक चौकट असते. मुदखेड तालुक्यातील अमुक गावचे प्रतिष्ठित नागरिक तमुक यांचे वृद्धापकाळाने राहत्या घरी निधन झाले; मृत्युसमयी त्यांचे वय ८७ वर्षांचे होते; त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे; त्यांच्या पार्थिवावर शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार करण्यात आले. नाव आणि गाव बदलले की हाच मजकूर दुसऱ्या दिवशी दुसऱ्यासाठी उपयोगी पडतो. मृत व्यक्ती स्त्री असेल तर तो आणखी आखूड होतो. ती कोणाची मातोश्री होती एवढेच वाचकाला कळते. तिचे माहेर कोणते, साठ-सत्तर वर्षे तिच्या हातांनी कोणकोणती कामे केली, गावातली किती बाळंतपणे तिच्या भरवशावर पार पडली, याचा त्यात मागमूस नसतो.

यासाठी वृत्तपत्राला दोष देण्याचे कारण नाही. त्याची जागा मर्यादित असते आणि वार्ताहर जे हाती येते तेच पाठवितो. प्रश्न गावाचा आहे. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गाव काय जपून ठेवते, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

सरकारी दप्तरात मृत्यूची नोंद चोख होते, हे मान्य करावयास हवे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ अन्वये २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीकडे वर्दी द्यावी लागते. मग तलाठ्याकडे वारसाची नोंद होते आणि सातबारावरील एक नाव जाऊन त्या जागी चार नावे येतात. रेशनकार्डातून नाव वजा होते, मतदारयादीतून वगळले जाते. या प्रत्येक नोंदीला तिचे स्वतःचे प्रयोजन आहे. परंतु या सर्व नोंदी एकत्र केल्या तरी त्यांतून एवढेच निष्पन्न होते की एक माणूस होता आणि आता तो नाही. तो कसा जगला, हे लिहिण्याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नाही. गावाच्या चौकात चार दिवस फलक लागतो, भ्रमणध्वनीवर छायाचित्र फिरते आणि चोवीस तासांत नाहीसे होते. तेराव्याच्या पंक्ती उठल्या की विषय संपतो.

मुदखेडसारख्या भागात ही उपेक्षा आज विशेष महाग पडणारी आहे. येथे सध्या जी पिढी निघून चालली आहे, तिच्यासारखी पिढी पुन्हा होणे नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा जी मुले दहा वर्षांची होती, ती आज पंचाऐंशीच्या पलीकडे पोहोचली आहेत. या माणसांनी आपले गाव न सोडता चार राज्ये पाहिली. जन्म निजामाच्या अमलात, पौगंडावस्था हैदराबाद राज्यात, १९५६ नंतरची काही वर्षे द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासूनचे आयुष्य महाराष्ट्रात! शाळेत उर्दू शिकलेला, घरी मराठी बोलणारा आणि बाजारात तेलुगूत भाव करणारा वृद्ध या पट्ट्यात अगदी अलीकडेपर्यंत सहज भेटत असे. तो गेला की तीन भाषांत वावरलेले एक जग त्याच्याबरोबर जाते.

मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिलेला नाही, असे कोणी म्हणणार नाही. अनंत भालेराव यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात तो अधिकाराने मांडला आहे. अर्जापूरच्या गोविंदराव पानसरे यांचे १९४६ मधील हौतात्म्य जिल्ह्याला ठाऊक आहे. मुदखेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील उमरी येथे ३० जानेवारी १९४८ रोजी बँकेवर धाड घालण्यात आली, तीही सर्वश्रुत आहे. परंतु चळवळ काही केवळ धाड घालणाऱ्यांच्या बळावर चालत नसते. उमरखेडच्या शिबिराकडे रात्री-अपरात्री जाणाऱ्यांना ज्यांनी आपल्या आखाड्यावर थांबवून घेतले, ज्या बायांनी नाव न विचारता भाकरी बांधून दिल्या, ज्या गुराख्याने वाट दाखविली, त्यांना सन्मानपत्र मिळाले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. त्यांची साक्ष त्यांच्या मुखातच राहिली. ते मुख मिटले की इतिहासाचे ते पानही कायमचे मिटते.

आणि केवळ रणसंग्रामाच्याच आठवणी मोलाच्या असतात असे थोडेच आहे? मुदखेडची ख्याती फुलांची आहे. मोगरा, काकडा, गुलाब, गलांडा यांचे मळे येथे ज्यांनी पहिल्यांदा लावले, कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या वाणाला मानवते हे ज्यांना अनुभवाने कळले, अंधार असतानाच कळ्या खुडून नांदेड-हैदराबादच्या बाजारासाठी ज्या स्त्रियांनी त्या वेळेवर तयार ठेवल्या, त्यांचे ज्ञान कोणत्या कृषिपुस्तिकेत उतरले आहे? मुदखेड हे जंक्शन. मीटरगेजच्या काळात येथील रुळांवर, फलाटावर आणि सांध्यांवर ज्यांनी आयुष्य काढले, त्यांतले बरेचजण आज हयात नाहीत. आदिलाबादचा मार्ग रुंद झाला त्यालाही आता दीड दशक उलटून गेले. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडीवर लेकरे जगविली आणि त्याच कामांवर तलाव व रस्ते उभे केले, त्यांची नावे त्या तलावांवर कोठेही कोरलेली नाहीत. रस्ता वापरणाऱ्या नातवाला तो आपल्या आजीने बांधला आहे हे ठाऊक नसणे, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. आपल्या गावात अभिमान बाळगण्यासारखे काहीच घडले नाही अशी समजूत करून घेऊन जो तरुण शहराची गाडी पकडतो, त्याची ती समजूत याच अज्ञानातून झालेली असते.

टॉमस ग्रे या इंग्रज कवीने १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शोकगीतात खेड्यातील अज्ञात मृतांविषयी खंत व्यक्त केली, ती इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांच्या परिचयाची आहे. परंतु त्या खेडुतांच्या उशाशी निदान एक दगड तरी होता. आपल्याकडे मुसलमानांची कबर आणि लिंगायतांची समाधी सोडली, तर बहुतेकांची रक्षा गोदावरीच्या पाण्यात जाते. धर्मदृष्ट्या ते योग्यच आहे. मात्र जो समाज दगड ठेवीत नाही त्याने शब्द तरी ठेवला पाहिजे, हे त्यातूनच ओघाने येते.

असा शब्द ठेवण्याची परंपरा मराठीला नवीन नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच तेथून झाला आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले होते त्या माणसांचा शोध घेतला, त्यांच्या आठवणी टिपल्या आणि पडताळून पाहिल्या. तेराव्या शतकात त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नागदेवाचार्य आणि त्यांच्या भोवतालची साधीसुधी अनुयायी मंडळी यांच्या आठवणी आल्या. महानुभावांचे माहूर याच नांदेड जिल्ह्यात आहे, याचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये. अलीकडच्या काळातील उदाहरण हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे आहे. महाराष्ट्रातील अकराशेहून अधिक गावांतून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखावर ओव्या जमविल्या, आणि विशेष हे की त्या गाणाऱ्या तीन हजारांवर स्त्रियांची नावे व गावेही टिपून ठेवली. त्यांतील अनेकजणी आता या जगात नाहीत. परंतु त्या कोणाच्या तरी मातोश्री एवढ्याच राहिल्या नाहीत. आपल्या शब्दांनिशी आणि आपल्या नावानिशी राहिल्या.

मग गावोगाव असे का घडू नये? येथे काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मृतांविषयी वाईट बोलू नये या संकेतापायी अशी नोंद म्हणजे नुसती स्तुतिसुमने होतील. दुसरा अधिक गंभीर आहे. गावातील वजनदार घराण्यांतील मृतांना पाने मिळतील आणि सालगड्याला ओळही मिळणार नाही. ज्या गावांतून स्मशानेही जातवार वेगळी असतात, तेथे स्मरणवही तरी एक कशी राहील?

हे आक्षेप खरे आहेत, आणि म्हणूनच त्यांना बगल देता येत नाही. गावाची स्मृती निवडक असते. १९४८ च्या पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांनी केलेले अत्याचार ती सांगते. कारवाईनंतर निरपराध मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांविषयी ती बहुधा गप्प बसते. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेडची गणना केली होती, ही गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही. नामांतराच्या प्रश्नावर १९७८ साली याच जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. त्यांचे स्मरण चळवळीने ठेवले म्हणून ते राहिले. कर्जापायी जीव देणारा शेतकरी तर मरणानंतर एक प्रकरण बनतो. जमीन त्याच्या कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, परतफेडीचा तगादा होता काय, हे पाहून समिती त्याला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविते. पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. सावकाराचे कर्ज असलेला अपात्र ठरला, की त्याचे मरण गावाच्या बोलण्यातूनही हळूहळू वगळले जाते. ज्यांच्याविषयी बोलणे जड जाते, त्यांच्यासाठीच लेखी नोंदीची गरज सर्वांत मोठी असते.

उपाय मोठा नाही. गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. मृत्यूची वर्दी आली की महिन्याभरात शिक्षकाने अथवा ग्रंथपालाने घरातले एक, शेजारचे एक आणि बरोबर काम केलेले एक, अशा तिघांना भेटून एक पान लिहावे. स्त्री असेल तर माहेरचे नाव आणि गाव आवर्जून विचारावे. काय पिकविले, काय बांधले, कोणाला काय शिकविले, कोणते दुःख सोसले, हे सांगणाराच्या शब्दांत उतरवावे, विशेषणे गाळावीत. प्रत्येकाला एकच पान, मग तो पाटील असो की सालगडी, हा नियम मात्र मोडू नये. घरच्यांना जे उघड करावयाचे नसेल, ते लिहू नये. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे घेऊन महाविद्यालयांचे विद्यार्थी दरवर्षी खेड्यांतून सात-सात दिवस राहतात. रस्ते झाडण्याबरोबर त्यांनी वृद्धांना हयातीतच प्रश्न विचारले, तर वही भरण्याचे अर्धे काम होईल. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठाने या वह्यांच्या प्रती जतन करण्याची जबाबदारी घेतली, तर ते त्या नावाला साजेसेच होईल. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झाल्यावर त्या वर्षात गेलेल्यांची नावे आणि प्रत्येकाची एक ओळ वाचून दाखविण्यास फार तर अर्धा तास लागेल.

या कामाला उशीर परवडणारा नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी तो धडा दिला आहे. त्या काळात अनेकांचे देह घरी आले नाहीत, अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती, दहाव्याला नदीकाठी कोणी जमू शकले नाही. जी चार वाक्ये अशा प्रसंगी एकमेकांजवळ बोलली जातात, तीही न बोलता राहिली. त्या वहीचे पहिले पान त्यांच्यापासून लिहावयास हरकत नाही. त्यांना ओळखणारी माणसे अद्याप गावात आहेत. मात्र त्यांचीही वये झाली आहेत.